चिकटवलेले शहर, झाकलेली माणसे

अमूर्त चित्राबद्दल आपल्याकडे दोन मते रूढ आहेत. वरवर ती परस्परविरोधी दिसतात, पण आतून ती एकमेकांना मिळालेली आहेत. पहिले मत प्रस्थापित कलासमीक्षकाचे. तो म्हणतो, अमूर्त चित्राला काळ नसतो, गाव नसते, जात नसते. तेथे रंग, रेषा आणि अवकाश एवढेच असते आणि ते अनुभवायला 'संस्कारित' नजर लागते. दुसरे मत आपल्यातल्याच काही कार्यकर्त्यांचे. ते म्हणतात, हे भरल्या पोटाचे खेळ आहेत; ज्याच्या वाडीत पाणी पोचलेले नाही त्याला चौकोन-पट्ट्यांशी काय कर्तव्य? पहिला आपल्याला कलादालनाच्या बाहेर ठेवतो. दुसरा आपल्याला समजावतो की बाहेर राहण्यातच आपले हित आहे. दोघांच्या भांडणात दालनाची मालकी मात्र बदलत नाही.

मी इतिहासाचा शिक्षक आहे. मालवण किनाऱ्यावरच्या मुलांना शिकवण्यात माझी नोकरी गेली. चित्रकलेचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. तरीही या दोन्ही मतांना नकार देणे मला आवश्यक वाटते, आणि त्याचे कारण इतिहासाचे आहे. आधुनिक चित्रकलेत ज्याला 'शहर' म्हणून गौरवले गेले त्या शहराचे सामान ज्या खेड्यांतून, ज्या वाड्यांतून गेले, तेथली माणसे ते चित्र वाचायला अपात्र कशी ठरतात? उलट माझे म्हणणे असे की, शहराचे तुकडे चिकटवून केलेले चित्र वाचण्याचा पहिला अधिकार ज्यांचे आयुष्य त्या शहरासाठी फाडले गेले त्यांचा आहे. हा अधिकार भावनेच्या जोरावर मागता येणार नाही. वाचनाची पद्धत सिद्ध करूनच तो मिळवावा लागेल. त्या पद्धतीचा हा विचार आहे.

१

कोलाज म्हणजे चिकटचित्र. १९१२ साली पॅरिसमध्ये पिकासोने वेताच्या खुर्चीची नक्षी छापलेला मेणकापडाचा तुकडा चित्रावर चिकटवला आणि त्याच वर्षी ब्राकने भिंतीला लावायचा छापील कागद कापून चित्रात घातला. तोवर चित्रकार वस्तूची नक्कल करीत होता. आता वस्तूच चित्रात आली. ही क्रांती होती असे कलेच्या इतिहासात सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. पण त्यातून निघणारा एक निष्कर्ष फारसा सांगितला जात नाही. रंगाला पूर्वायुष्य नसते, तुकड्याला असते. चित्रात येण्याआधी तो कोणाच्या तरी हातात होता, कोणीतरी तो छापला, विणला, विकला, वापरला आणि फेकला. म्हणून चिकटचित्र कितीही अमूर्त असले तरी त्याच्या प्रत्येक तुकड्यापाशी इतिहासकाराला थांबता येते.

मी विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला सांगतो. हा तुकडा कुठून फाटून आला? तो कोणी, कोणत्या हेतूने चिकटवला? आणि त्याच्याखाली काय झाकले गेले? मालवणच्या समुद्रातला किल्ला पाहायला जातो तेव्हाही आम्ही हेच प्रश्न विचारतो. १६६४ साली त्याचा पाया घातला गेला, हे फलकावर वाचता येते. ज्यांनी दगड वाहिले त्यांची नावे फलकावर नसतात. किल्ल्याला जे प्रश्न विचारता येतात ते चित्राला का विचारू नयेत?

२

उदाहरणादाखल मी शहराच्या अमूर्त चित्रांतले एक सर्वांत प्रसिद्ध चित्र घेतो. पीट मोंद्रियान हा डच चित्रकार. महायुद्धाच्या बॉम्बवर्षावात लंडन सोडून तो १९४० साली न्यूयॉर्कला आला. तेथे त्याने १९४२-४३ मध्ये 'ब्रॉडवे बुगी-वुगी' पुरे केले आणि त्याच सुमारास 'व्हिक्टरी बुगी-वुगी' हे चित्र हाती घेतले. १ फेब्रुवारी १९४४ रोजी न्यूमोनियाने त्याचा मृत्यू झाला तेव्हा हे दुसरे चित्र अपुरे होते. कॅनव्हास चौरस आहे, बाजू १२७ सेंटिमीटर. पण तो कोपऱ्यावर उभा करून टांगलेला. त्यावर लाल, पिवळे, निळे, काळे, पांढरे, राखी असे असंख्य लहान-मोठे चौकोन आहेत. त्यांतले काही रंगवलेले, तर काही रंगीत चिकटपट्टीचे आणि कागदाचे तुकडे. मोंद्रियान पट्टी लावून पाही, काढी, पुन्हा लावी. मृत्यूने त्याचा हात थांबवला म्हणून हे तुकडे तसेच राहिले. अमूर्त चित्र म्हणून सुरू झालेली ही कृती त्यामुळे शहराचे चिकटचित्र होऊन आपल्यापुढे आली आहे.

प्रस्थापित समीक्षक सांगतो की ही महानगराची लय आहे: काटकोनात कापणारे रस्ते, लुकलुकणारे दिवे, धावत्या मोटारी. हे वाचन चुकीचे नाही, अपुरे आहे. लय कोणाची, हे विचारले की चित्र बोलू लागते.

'बुगी-वुगी' ही अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या पियानोवादनाची शैली. डावा हात एकच ठेका न थकता फिरवत राहतो आणि उजवा हात त्यावर मोकळेपणी खेळतो. दक्षिणेकडच्या मजूरवस्त्यांतून, रेल्वेच्या आणि लाकूडतोडीच्या तळांवरून ती उत्तरेच्या शहरांत पोचली. ती एकटी गेली नाही. १९१० च्या सुमारापासून १९७० पर्यंत सुमारे साठ लाख काळी माणसे वर्णद्वेषी दक्षिण सोडून उत्तरेच्या व पश्चिमेच्या शहरांत गेली. त्यांच्या गाठोड्यात ही लय होती. मीड लक्स ल्युइस याने १९२७ साली जी रचना ध्वनिमुद्रित केली तिच्यात आगगाडीच्या चाकांचा ठेका ऐकू येतो. ल्युइस आणि अल्बर्ट अॅमन्स हे या शैलीचे दोन थोर वादक शिकागोत टॅक्सी चालवून पोट भरत होते. १९३८ च्या डिसेंबरात कार्नेगी हॉलमध्ये ते वाजले, तेव्हा कुठे न्यूयॉर्कच्या गोऱ्या रसिकाचे लक्ष तिकडे गेले. मोंद्रियानच्या मित्राने त्याला या संगीताच्या तबकड्या ऐकवल्या आणि तो भारावून गेला. त्याने चित्राच्या नावातच हे ऋण मान्य केले, याबद्दल त्याला श्रेय दिले पाहिजे. पण कलेच्या इतिहासाने त्या नावातला 'बुगी-वुगी' हा शब्द शोभेसाठी ठेवला आणि टॅक्सी चालवणारे वादक तळटिपेत घातले. १९९८ मध्ये डच राज्यसंस्थेने हे चित्र विकत घेतल्याचे जाहीर झाले. किंमत आठ कोटी गिल्डर. एवढी किंमत ज्या लयीला आली ती लय निर्माण करणाऱ्यांना टॅक्सीचे भाडे मोजावे लागले होते.

आता तिसरा प्रश्न: खाली काय झाकले? न्यूयॉर्कची काटकोनी रस्त्यांची जाळी १८११ च्या आराखड्याने ठरली. त्या जाळीला तिरका कापत जाणारा एकच मोठा रस्ता आहे, ब्रॉडवे. आणि तो तिरका आहे, कारण तेथल्या मूळ रहिवाशांची पायवाट त्याच्याखाली आहे. मोंद्रियानने 'ब्रॉडवे' हे नाव घेतले पण चित्रात तिरकी रेषा येऊ दिली नाही. तिरकी रेषा त्याच्या कलातत्त्वात बसत नव्हती. त्याच शहरात सेनेका व्हिलेज नावाची काळ्या स्वतंत्र नागरिकांची वस्ती १८२५ पासून उभी राहिली होती. स्वतःची घरे, चर्च, शाळा असलेली ही वस्ती १८५७ मध्ये सेंट्रल पार्कसाठी उठवण्यात आली. आज तेथे हिरवळ आहे. स्वच्छ जाळी आणि हिरवळ ही दोन्ही सुंदर आहेत, हे मान्य करूनच विचारायचे की, या सौंदर्यासाठी कोणाला जागा सोडावी लागली?

३

याच शहरात याच माध्यमाने दिलेले दुसरे उत्तरही आहे, आणि आपल्या अभ्यासकांनी ते अवश्य पाहावे. रोमेर बेर्डन हा काळा चित्रकार. त्याचे कुटुंब दक्षिणेतून हार्लेमला आलेले. अनेक वर्षे त्याने न्यूयॉर्क शहराच्या समाजकल्याण खात्यात नोकरी केली, म्हणजे गरिबांच्या घरांचे दरवाजे त्याने कामासाठी ठोठावले होते. पूर्वी तो अमूर्त चित्रे काढी. १९६४ नंतर त्याने कोलाज हे आपले माध्यम केले. १९७१ मध्ये त्याने 'द ब्लॉक' केले. हार्लेमच्या लेनॉक्स अव्हेन्यूवरील एक गल्ली, सहा फलक, चार फूट उंच, अठरा फूट लांब. चर्च, न्हाव्याचे दुकान, दारूचे दुकान, अंत्ययात्रा, आणि भिंती कापून उघड्या केलेल्या खोल्यांत आंघोळ करणारी, प्रेम करणारी, वाट पाहणारी माणसे. त्या वर्षीच्या प्रदर्शनात या चित्राबरोबर रस्त्यावरचे आवाजही ऐकवले गेले. मोंद्रियानने शहराची लय घेतली आणि माणूस गाळला. बेर्डनने लयीसकट माणूस परत आणला. दोघांनी कात्री आणि डिंक हीच साधने वापरली.

हे सगळे आपल्यापासून फार दूरचे आहे असे वाचकाने समजू नये. १९१३ ते १९१६ या काळात हार्लेमला लागून असलेल्या कोलंबिया विद्यापीठात एक तरुण विद्यार्थी शिकत होता. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. १९४६ साली त्याच बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. द्यू बोइस या काळ्या विचारवंताला पत्र लिहून दोन समाजांच्या प्रश्नांतले साम्य नोंदवले. आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरचे नाव ठेवताना ब्लॅक पँथरचे स्मरण होते. हार्लेमची गल्ली आणि आपली चाळ यांची तुलना आपण आजच करतो आहोत असे नाही.

४

आता आपल्या शहराकडे येऊ. मालवण, देवगड, वेंगुर्ले या भागाचे शहर म्हणजे मुंबई. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला; त्याआधी हा सारा मुलूख, म्हणजे जुन्या मालवणसारखे तालुके आणि नंतर विलीन झालेले सावंतवाडी संस्थान, रत्नागिरी जिल्ह्यात मोडत होता. मुंबईच्या गिरण्यांना माणसे पुरवणारा सर्वांत मोठा जिल्हा हाच. बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू होडीतून तिच्यावर चढत. कोकण रेल्वे पूर्ण होऊन धावू लागली ती १९९८ च्या जानेवारीत, म्हणजे गिरण्यांचे भोंगे बहुतांशी थांबल्यावर.

गेलेल्यांत महार समाजाचाही मोठा हिस्सा होता. कोकणातल्या महारांचा एक पारंपरिक उद्योग बांबूकामाचा. सुपे, रोवळ्या, टोपल्या, डाली. घाटावर हे काम बुरुडाचे, कोकणात ते महारवाड्यातल्या बायकांच्या बोटांत होते. ऊर्मिला पवार यांनी आपल्या आत्मकथनाला 'आयदान' (२००३) हे नाव दिले ते याच वस्तूंवरून. कामट्या तासणे, उभे-आडवे ओवणे, वीण आवळणे: विणकामाचे सारे तत्त्व त्यात आहे. असा विणणारा समाज जगातल्या एका मोठ्या कापडनगरीत गेला तेव्हा तेथे काय घडले?

गिरणीतल्या विणाई खात्याचे दार त्याला बंद होते. साच्यावर काम करताना धोट्यातली कांडी बदलली की सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. महाराच्या ओठाला लागलेला धोटा आपल्या ओठाला कसा लावायचा, म्हणून सवर्ण साचेवाल्यांनी त्याला त्या खात्यात येऊ दिले नाही. विणाईत पगार अधिक होता. अस्पृश्य कामगार कमी पगाराच्या सूतकताईच्या खात्यांत अडकून पडले. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला आणि विणाई खाते अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी लावून धरली. कामगार एक आहेत असे म्हणणाऱ्या चळवळीच्या पोटात ही कात्री चालत होती.

मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो: मुंबईचे चित्र कापडाचे तुकडे लावून कोणी केले, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. ते सूत आपल्या माणसांनी कातलेले असेल, पण ते विणण्याची मनाई आपल्या माणसांना होती. ज्यांच्या घरातली टोपली पाणी शिंपडून सवर्णांच्या घरात जाई, त्यांच्या हातचे सूत मात्र कोणतेही पाणी न शिंपडता साऱ्या देशाने अंगावर घातले. विटाळ कोठे लागतो आणि कोठे लागत नाही, हे नफा ठरवीत होता.

राहण्याचा इतिहासही असाच कापलेला. १८९६ ची प्लेगची साथ आली, १८९८ मध्ये सुधार न्यास स्थापन झाला, दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते केले गेले, आणि कामगारांसाठी न्यासाच्या चाळी उभ्या राहिल्या. परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेबांनी आयुष्याची कितीतरी वर्षे काढली. पुढे १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ बीडीडी चाळी बांधल्या गेल्या. खोली सुमारे १६० चौरस फुटांची. तेथे गावेच्या गावे राहिली आणि गावासोबत जातही राहिली. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या याच चाळींत दंगल पेटली. त्या काळात पँथरचा भागवत जाधव मारला गेला. शहरात जात विरघळते असे मानणाऱ्याने ही तारीख विसरू नये. गाव तुकड्यातुकड्यांनी शहरात आले, आणि तुकड्यांमधली फटही बरोबर आली.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा शेवटचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. त्यानंतर गिरण्यांच्या जमिनींवर काचेचे मनोरे आणि विक्रीची दालने आली. या बदलात एक तुकडा वेगळा उठून दिसतो: दादरच्या इंदू मिलच्या जागेवर बाबासाहेबांच्या स्मारकाची पायाभरणी २०१५ मध्ये झाली. ही जागा मागून मिळालेली नाही, लढून मिळालेली आहे. तरीही तेथे उभे राहताना स्मारकाखालची जमीन गिरणीची होती आणि तिच्या खात्यांचीही जातवार वाटणी होत असे, हे पुढच्या पिढीला सांगावे लागेल. स्मारकाने गिरणी झाकली जाऊ नये.

५

येथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. तुम्ही चित्राचे पत्रक करता आहात. रंग, आकार, तोल यांना तुमच्या लेखी काही किंमत आहे की नाही? किंमत आहे. किंबहुना रूपाकडे नीट पाहिल्याशिवाय वरचे प्रश्न विचारताच येत नाहीत. 'व्हिक्टरी बुगी-वुगी'तली चिकटपट्टी कोठे संपते आणि रंग कोठे सुरू होतो, हे पाहिले म्हणूनच ती कृती अपुरी आहे, बदलती आहे हे कळले. तिरकी रेषा नाही हे डोळ्याला जाणवले म्हणून पायवाट आठवली. रूप हा पुरावा आहे. पुराव्याशी अप्रामाणिक राहून इतिहास लिहिता येत नाही.

अमूर्तता ही वरच्या वर्गाची जहागीर आहे हे तर मुळीच खरे नाही. अमूर्त चित्रकार प्रभाकर कोलते यांचा जन्म १९४६ साली आमच्याच कुडाळ तालुक्यातल्या नेरूरपारचा. पुढे त्यांनी जे. जे. कलाशाळेत विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. त्यांच्या कॅनव्हासवर एका रंगाचा थर खालचे पुष्कळ झाकतो आणि थोडे उघडे ठेवतो. थर वाचायला शिकलेल्या माणसाला त्या चित्रासमोर बुजण्याचे कारण नाही. अकोल्याचे अंबादास खोब्रागडे (१९२२-२०१२) १९६३ च्या 'ग्रुप १८९०' मधले. नंतर ते नॉर्वेत स्थायिक झाले आणि अखेरपर्यंत अमूर्तच रंगवत राहिले. खोब्रागडे हे आडनाव या पानांच्या वाचकाला परके नाही. आणि शब्दांपुरते म्हणायचे तर, १९७२ चा 'गोलपिठा' हे मुंबईचे चिकटचित्र नव्हे तर काय आहे? नामदेव ढसाळांनी बोली, शिवी, जाहिरात, शास्त्र आणि रस्ता एकमेकांवर आपटले. समीक्षकांना तो दुर्बोध वाटला. ज्यांची ती भाषा होती त्यांना तो वाचायला शब्दकोश लागला नाही.

दुसरा आक्षेप कार्यकर्त्यांचा: याने काय साधणार? मी असे म्हणेन की, ज्याला शहराचे चित्र वाचता येते त्याला शहराचा आराखडाही वाचता येतो. पुनर्विकासाचे नकाशे आज गुळगुळीत कागदावर, रंगीत चौकोनांत छापून येतात. तेही अमूर्त चित्रच असते, आणि त्यातही माणूस गाळलेला असतो. कोणता चौकोन कोणाच्या खोलीवर पडला आहे हे विचारण्याची सवय वर्गात चित्रासमोर लागली, तर ती सभेत नकाशासमोर उपयोगी पडेल.

६

या जिल्ह्यातल्या बौद्धवाड्यांत विद्यार्थ्यांबरोबर हिंडताना मी जुन्या घरांच्या मातीच्या भिंती पाहिल्या आहेत. धूळ पडू नये, वारा येऊ नये म्हणून त्यांवर खळीने वर्तमानपत्रे चिकटवलेली असत. एका घरी वरचा कागद सुटला होता; त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्याने सामान गुंडाळून आणलेले ते कागद होते. त्यांवर सोन्याचे भाव, सिनेमाच्या जाहिराती, संपाच्या बातम्या. घरच्या म्हातारीला वाचता येत नव्हते, पण कोणता थर कोणत्या साली लावला हे ती सांगत होती: हा थोरल्याला नोकरी लागली त्या वर्षीचा, हा धम्म घेतल्यानंतरचा, हा गिरणी बंद पडली तेव्हाचा. बाबासाहेबांचे छापलेले काही मात्र तिने भिंतीला लागू दिले नव्हते. ते ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत होते. काय चिकटवायचे आणि काय जपायचे, याचा तिचा विवेक मला कोणत्याही कलादालनाच्या निवडीपेक्षा कमी वाटला नाही.

अशी घरे आता झपाट्याने पाडली जात आहेत, आणि पक्की घरे व्हायलाच हवीत. १९५६ नंतर आपण महारवाड्याचे नाव बदलून बौद्धवाडी केले. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनेही वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. नाव बदलणे ही मुक्तीची कृती आहे. पण नावाबरोबर कागद नाहीसे झाले तर उद्या शहराचे चित्र पुन्हा दुसरेच कोणी काढेल आणि आपली मुले त्यापुढे गप्प उभी राहतील.

म्हणून शिक्षक-विद्यार्थी मित्रांना माझी सूचना अशी आहे. आपापल्या वाडीत गिरणीचे पास, हजेरीची कार्डे, मनीऑर्डरच्या पावत्या, चाळीच्या भाड्याची बिले, बोटीची तिकिटे, खानावळीच्या वह्या, संपाची पत्रके असे जे मिळेल ते गोळा करावे. ते कोणाचे, कोणत्या सालचे, कसे राहिले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लगेच लिहून ठेवावे, कारण सांगणारे थोडे उरले आहेत. बांबूकाम करणाऱ्या आयाबायांचे हात थांबले असतील, तरी विणीची नावे त्यांच्या तोंडी आहेत. तीही लिहून घ्यावीत. हे सारे एका मोठ्या फलकावर मांडून गावात, शाळेत, जयंतीच्या मंडपात लावावे. ते चित्र झाले की इतिहास, हा वाद समीक्षकांनी घालावा. कागद मात्र पुढच्या पावसाळ्याच्या आत गोळा झाले पाहिजेत, कारण कोकणात वाळवी आणि ओल कोणासाठी थांबत नाहीत.